स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळेल, पण तिची देखभाल स्वस्त होत नाही : गाडी घेण्याआधी करायचा हिशोब



जुलै २०२५ मधला रेवदंड्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी बघितला असेल. फिरायला आलेल्या पाहुण्यांची फेरारी किनाऱ्यावरच्या वाळूत रुतली आणि शेवटी बैलगाडीला दोर बांधून ती बाहेर ओढली. व्हिडिओ देशभर फिरला. सगळे हसले, आपणही हसलो.

पण धंदा करणाऱ्या माणसाने हसून झाल्यावर एक प्रश्न विचारायला हवा. अशी गाडी खाऱ्या वाळूतून बाहेर आली की पुढे तिचं काय काय करावं लागतं, आणि ते बिल कोण भरतो?

आज या विषयावर लिहायचं कारण सांगतो. माझ्या प्रशिक्षणाला येणारी मुलं गेल्या दोन वर्षांत एकच कल्पना वेगवेगळ्या शब्दांत मांडतात. "सर, जुनी स्पोर्ट्स कार तीस-पस्तीस लाखांत मिळतेय. नवीन असताना दीड कोटीची होती. लग्नाला, प्री-वेडिंग शूटला भाड्याने देईन. अलिबागला गिऱ्हाईक काय कमी आहे का?"

गिऱ्हाईक आहे, खरंच आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि गाडीसकट तासाभरात मुंबईचा माणूस आपल्याकडे उतरायला लागला. किहीम, आवास, नागाव, काशीद, जिकडे बघाल तिकडे बंगले, रिसॉर्ट आणि शूटिंग. कल्पना चुकीची वाटत नाही. पण त्यात घालायचे पैसे कुठले असतात? कोणाचे दोन-चार गुंठे विकलेले असतात, कोणाच्या वडिलांची कंपनीतून मिळालेली ग्रॅच्युइटी असते. हे पैसे एकदाच येतात. म्हणून आधी वही काढा, आणि गाडीच्या किमतीच्या खाली "वर्षाची देखभाल" असा रकाना आखा. आजचा लेख त्या एका रकान्याबद्दल आहे.

किंमत उतरते, देखभाल उतरत नाही

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुन्या गाडीची किंमत बाजार ठरवतो, पण तिच्या पार्टची किंमत कंपनी ठरवते. दीड कोटीची गाडी बारा वर्षांनी पस्तीस लाखांना मिळेल. पण तिचे ब्रेक दीड कोटीच्या गाडीचेच आहेत. तिचा क्लच, तिचा हेडलॅम्प, तिचे सेन्सर, सगळं दीड कोटीच्या गाडीचंच आहे. गाडी जुनी झाली म्हणून ब्रेक डिस्क कोणी चौथाई भावात देत नाही. उलट जुन्या मॉडेलचा पार्ट बाहेरून मागवावा लागला तर वाहतूक आणि आयात शुल्क वर बसतं.

म्हणजे तुम्ही गाडी पस्तीस लाखांची घेता, पण देखभाल दीड कोटीच्या गाडीची करता. गाडी विकणारा हे बोलत नाही. त्याने ती विकायला काढायचं कारण कित्येकदा हेच असतं.

फेरारीचंच उदाहरण घ्या. ही कंपनी आपल्या नव्या गाड्यांना सात वर्षांची ठरलेली देखभाल गाडीबरोबरच देते. दर २०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा सर्व्हिस, त्यात ऑइल, फिल्टर आणि मजुरी. मधे गाडी विकली गेली तरी उरलेली वर्षं पुढच्या मालकाला मिळतात. छान सोय आहे. पण सात वर्षं संपल्यावर? तिथून पुढचं प्रत्येक बिल मालकाच्या खिशातून. आपल्या बजेटमध्ये बसणाऱ्या गाड्या बहुतेक वेळा नेमक्या या मर्यादेच्या पलीकडच्या असतात. पहिल्या मालकाला देखभालीची झळ लागलेलीच नसते, ती सगळी शेवटच्या मालकासाठी राहते.

गाडी उभी असली तरी तारीख पुढे जाते

दुसरी गफलत अशी होते. "सर, मी गाडी फार चालवणारच नाही. महिन्यातून तीन लग्नं, बाकी शेडमध्ये. मग खर्च कसला?"

आपण रिक्षा, टेम्पो, मोटरसायकल वापरणारी माणसं. आपल्या डोक्यात देखभाल म्हणजे किलोमीटर. चालली तर झिजणार, नाही चालली तर वाचणार. पण स्पोर्ट्स कारची बरीचशी कामं तारखेवर असतात.

इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलायचं, किलोमीटर हजारच झाले असले तरी. इंजिन थोडाच वेळ चालवून बंद केलं की आतला ओलावा आणि न जळलेल्या पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये राहतो, आणि ऑइल आतून खराब होत जातं. लग्नाच्या वरातीत गाडी दोन किलोमीटर रांगते, ते इंजिनाला सगळ्यात वाईट चालणं.

ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. पाणी मिसळलं की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो, आणि जोरात ब्रेक लागल्यावर पेडल मऊ पडतं. ओलावा गाडी किती चालली हे विचारत नाही.

टायरचंही तसंच. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. समजा २३१९ लिहिलं असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पोर्शसारखी कंपनी सहा वर्षांपेक्षा जुना टायर वापरू नका असं सांगते, नक्षी नव्यासारखी दिसत असली तरी. रबर कडक होतं, पकड जाते. जुनी गाडी बघायला गेलात तर सगळ्यात आधी वाकून हे चार आकडे वाचा. विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा हे चार आकडे खरे.

आणि बॅटरी. या गाड्यांमध्ये अलार्म, कॉम्प्युटर, रिमोटचं लॉक हे सगळं गाडी बंद असतानाही थोडा थोडा करंट खात असतं. महिनाभर उभी ठेवली की बॅटरी बसते. माझं दुकान बॅटरी-ऑइलचं आहे, त्यामुळे बंगल्यांचे केअरटेकर शुक्रवारी दुपारी धावत येतात ते मी नेहमी बघतो. साहेब संध्याकाळी येणार आणि गाडीचा दरवाजासुद्धा उघडत नाही. उभ्या गाडीला बॅटरी जपणारा छोटा चार्जर कायम लावून ठेवावा लागतो.

बिल एवढं मोठं का येतं

"सर्व्हिस सेंटरवाले लुटतात" असं म्हणून हा विषय संपत नाही. बिल मोठं यायला कारणं आहेत, ती समजून घ्या.

पहिलं, माल जास्त लागतो. आपल्या साध्या हॅचबॅकला तीन-साडेतीन लिटर इंजिन ऑइल पुरतं. पोर्श ९११ सारख्या गाडीला सात-आठ लिटर लागतं, आणि ते कंपनीने मान्य केलेल्या ग्रेडचंच. स्पार्क प्लग चारच्या जागी सहा, आठ किंवा त्याहून जास्त.

दुसरं, टायर. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात. त्यामुळे साध्या गाडीसारखे पुढचे मागे, मागचे पुढे करून आयुष्य वाढवता येत नाही. शिवाय पकडीसाठी रबर मऊ ठेवलेलं असतं, ते लवकर झिजतं. एक टायर फुटला तर बहुतेक वेळा जोडी बदलावी लागते.

तिसरं, ब्रेक. डिस्क मोठ्या, पॅड मोठे. काही गाड्यांना कार्बन-सिरॅमिक डिस्क असतात. साध्या वापरात त्या खूप टिकतात, पण बदलायची वेळ आली तर बिल लाखांत जातं. गाडी बघताना कुठल्या डिस्क आहेत ते विचारा. "सिरॅमिक ब्रेक आहेत" हे विकणारा मोठेपणाने सांगेल, तुम्ही वहीत खर्चाच्या बाजूला लिहा.

चौथं, मजुरी. इंजिन सीटच्या मागे, पोटात बसवलेलं असतं. हात घालायला जागा नाही. गाडीच्या खाली हवा नीट वाहावी म्हणून प्लास्टिकची आवरणं असतात, ऑइल काढण्याआधी ती सगळी काढा, नंतर सगळी लावा. साध्या गाडीचं अर्ध्या तासाचं काम इथे अर्धा दिवस खातं, आणि तासाचा दरही वेगळा असतो.

याचं चांगलं उदाहरण आपल्या सचिनच्या गाडीचं. सचिन तेंडुलकरने कसोटीत डॉन ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली, म्हणून २००२ साली फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मॉडेना भेट दिली. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकेल शूमाकरच्या हस्ते. पण भेट भारतात आणायची तर आयात शुल्क एक कोटीच्या वर होतं. त्यात सूट देण्यावरून २००३ मध्ये मोठा वाद झाला आणि शेवटी ते शुल्क फियाटने भरलं. म्हणजे फुकट मिळालेली गाडीसुद्धा दारात फुकट येत नाही. २०११ साली ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली.

त्या ३६० मॉडेलच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो. तो बेल्ट साधारण तीन वर्षांनी बदला असं सांगितलं जायचं, गाडी चालो न चालो. तुटला तर आतले व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनच जातं. ३६० ला निदान सीटच्या मागचं पॅनेल काढून बेल्टपर्यंत पोचता येतं. तिच्या आधीच्या एफ३५५ मॉडेलला तर बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागायचं. पुढच्या एफ४३० पासून बेल्टच्या जागी चेन आली आणि हा एक खर्च गेला. आता सांगा, बाजारात ३६० आणि एफ४३० शेजारी उभ्या असतील, ३६० थोडी स्वस्त असेल, तर तो फरक "फायदा" आहे का? तो फरक बऱ्याचदा पुढच्या बिलाची आगाऊ सूचना असते.

आणखी एक टोक बघा. गोव्यात सॅन मोटर्स नावाची कंपनी 'स्टॉर्म' नावाची छोटी, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार बनवायची. बॉडी फायबरची, त्यामुळे किनाऱ्यावर पत्रा गंजायची भीती नाही. इंजिन रेनॉचं, छोटं, बाराशे सीसीच्या आतलं. कागदावर किनारपट्टीसाठी झकास गाडी. पण कंपनीच बंद झाली. अशा वेळी इंजिनाचे पार्ट मिळतील एक वेळ, पण फक्त त्याच गाडीला बसणारी काच, दिवा, बंपर कुठून आणणार? म्हणून गाडी घेताना पार्टची किंमत विचारा, आणि त्याच्या आधी पार्ट मिळतो का ते विचारा.

आपला किनारा वेगळा खर्च मागतो

पुण्या-मुंबईच्या माणसाचा हिशोब तुम्ही जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडे तीन गोष्टी जास्तीच्या आहेत.

एक, खारी हवा. तुमच्या घराची खिडकीची ग्रिल किती वर्षांत फुगते ते बघा, तेच गाडीच्या खाली होतं. ब्रेक डिस्कवर, नट-बोल्टवर, वायरच्या जोडांवर मीठ बसतं. उपाय साधा आहे, गोड्या पाण्याने गाडीचं पोट नियमित धुणं. पण पाणी कुठलं? किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरी-बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. मचूळ पाण्याने गाडी धुतली तर मीठ काढायच्या ऐवजी लावल्यासारखंच.

दोन, वाळू आणि जमिनीपासूनची उंची. या गाड्या जमिनीला चिकटून चालतात. आपल्याकडचे स्पीडब्रेकर, पावसानंतरचे खड्डे, वाडीत शिरायचे कच्चे रस्ते, सगळीकडे पुढचा ओठ आणि खालची आवरणं घासतात. आणि फोटोसाठी गाडी पुळणीवर उतरवायचा मोह झाला तर रेवदंडा आठवा. खारी वाळू खालच्या आवरणांत, ब्रेकमध्ये, पट्ट्यांमध्ये शिरते. मग आवरणं काढून धुणं, ब्रेक उघडून साफ करणं, बेअरिंग तपासणं आलं. ओढताना दोर चुकीच्या जागी बांधला तर त्याचं नुकसान वेगळं.

तीन, अंतर. अशा गाड्यांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर मुंबईत. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला तरी गाडी फ्लॅटबेडवर चढवून न्यायची. जायचं भाडं, यायचं भाडं, आणि गाडी तिथे राहील तेवढे दिवस तुमचं बुकिंग बंद.

आता वही उघडा

खालचे आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या मॉडेलप्रमाणे ते बदलतील. पद्धत शिका, आकडे सर्व्हिस सेंटरकडून घ्या. जे काम काही वर्षांनी येतं त्याचा खर्च तितक्या वर्षांनी भागून दर वर्षी बाजूला काढायचा, हा यातला मुख्य मुद्दा.

गाडी पस्तीस लाखांना घेतली असं धरू. वर्षाचा खर्च :

– वार्षिक सर्व्हिस, ऑइल, फिल्टर, मजुरी : १,००,०००
– ब्रेक ऑइल (दोन वर्षांचा खर्च भागून) : १०,०००
– टायरचा सेट १,६०,०००, चार वर्षांत : ४०,०००
– ब्रेक पॅड-डिस्क, सरासरी : ६०,०००
– बॅटरी ५०,०००, चार वर्षांत : १२,५००
– क्लच-गिअरबॉक्ससाठी राखीव : १,००,०००
– फ्लॅटबेडने मुंबईला ने-आण : २०,०००
– धुणं, कव्हर, चार्जर, शेड : १५,०००

देखभालीची बेरीज ३,५७,५००. विमा धरा १,५०,०००. एकूण ५,०७,५०० रुपये. गाडी दारात उभी असली तरी हा खर्च आहे. महिन्याला बेचाळीस हजारांच्या वर.

आता जमा. एका बुकिंगचे २०,००० धरू. त्यातून ड्रायव्हर, पेट्रोल, पॉलिश मिळून ३,५०० गेले, हातात १६,५०० राहिले. ५,०७,५०० ला १६,५०० ने भागा. वर्षाला ३१ बुकिंग झाली तर फक्त खर्च निघतो. एक रुपया नफा नाही.

आणि पस्तीस लाख कुठून आले? कर्ज असेल तर व्याज, स्वतःचे असतील तर बँकेत ठेवून मिळालं असतं ते व्याज. दहा टक्क्यांनी ३,५०,००० धरा. मग खर्च झाला ८,५७,५००, आणि बुकिंग लागतात ५२. यात गाडीचा घसारा अजून धरलेलाच नाही.

५२ म्हणजे आठवड्याला एक, असं म्हणू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस. चातुर्मासात लग्नं नाहीत, तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त सुरू होतात. हातात साधारण सात महिने. सात महिन्यांत ५२ म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला दोन, आणि मुहूर्त सगळ्यांचे एकाच दिवशी येतात. पंधरा मेला चार लोक गाडी मागतील, गाडी एकच आहे. त्यातच एखाद्या एप्रिलमध्ये गाडी पंधरा दिवस मुंबईला अडकली तर?

नवीन माणूस गाडीचा हप्ता मोजतो आणि बुकिंग मोजतो. मधला हा रकाना कोरा ठेवतो. पहिलं वर्ष बरं जातं, कारण मोठं काम निघालेलं नसतं, आणि राखीव ठेवायचे एक लाख तो नफा समजून घरात वापरतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी क्लच जातो. बदलायला पैसे नाहीत, म्हणून गाडी शेडमध्ये. उभी गाडी कोणी भाड्याने घेत नाही आणि बिघडलेली गाडी कोणी भावाने घेत नाही. गुंठे गेलेले असतात ते असेच जातात.

आणि कागद

पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. ड्रायव्हरसकट भाड्याची असेल तर पिवळी पाटी, गिऱ्हाईकाने स्वतः चालवायची असेल तर काळी पाटी, आणि त्याचे परवाने वेगळे. खासगी गाडी भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. वर धरलेला सगळा खर्च एकीकडे आणि हा एक अपघात एकीकडे. गाडीची टोकन रक्कम देण्याआधी पेण आरटीओत जाऊन विचारा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

मग धंदा कुठे आहे?

मी तुमची हौस मोडायला बसलेलो नाही. उलट वरची यादी परत वाचा, पण आता मालकाच्या नजरेने नाही, धंद्याच्या नजरेने. जो गाडीवाल्याचा खर्च आहे, ती कोणाची तरी कमाई आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम मुंबईलाच जाणार, त्यात हात घालू नका. पण पोट धुणं, बॅटरी जिवंत ठेवणं, टायरची हवा बघणं, कव्हर घालणं, हे काम मुंबईहून कोण येऊन करणार? आपल्या तालुक्यात कितीतरी बंगल्यांवर गाड्या आठवडाभर उभ्या असतात. सगळ्या स्पोर्ट्स कार नसतात. थार असते, इनोव्हा असते, एखादी मर्सिडीज असते. खारी हवा सगळ्यांना सारखीच लागते.

महिन्याचं कंत्राट घ्या. चार वेळा गोड्या पाण्याने पोटासकट धुणं, आठवड्याला बॅटरी आणि हवा तपासणं, मालकाला व्हॉट्सअॅपवर तारखेसकट फोटो. समजा एका गाडीचे महिना ३,००० आणि बारा गाड्या मिळाल्या. जमा ३६,०००. मदतनीस १५,०००, गोडं पाणी, शॅम्पू, वीज, टेम्पोचं पेट्रोल ७,०००. हातात १४,०००. प्रेशर पंप, टाकी, चार्जर, मऊ कापड या सगळ्याला १,२०,००० लागले असं धरलं तर साधारण नऊ महिन्यांत भांडवल मोकळं. छोटा धंदा आहे, पण गुंठा विकावा लागत नाही, आणि बिघाडाचं बिल दुसऱ्याच्या नावावर येतं.

यातही शिस्त हवी. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो काढा, जुना ओरखडा नंतर तुमच्या नावावर येऊ नये. वाळू असलेल्या गाडीवर कोरडं कापड फिरवू नका, आधी पाण्याने वाळू सोडवा, नाहीतर तुम्हीच पॉलिश पेपर मारल्यासारखं होईल. जॅक कुठेही लावू नका, कंपनीने दाखवलेल्या जागीच लावा. मालकाने लेखी सांगितल्याशिवाय गाडी गेटच्या बाहेर काढू नका. आणि जबाबदारीचा विमा काढा.

घरी करायचं काम

ज्याला तरीही गाडीच घ्यायची आहे, त्याने पुढच्या आठवड्यात एवढं करावं.

गाडीचा चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि चार गोष्टींचं लेखी कोटेशन मागा : वार्षिक सर्व्हिस, चार टायर, पुढचे-मागचे ब्रेक, क्लच. गाडीचा सर्व्हिस इतिहास मागा. ज्या वर्षाची नोंद नाही, त्या वर्षाचं काम तुमच्या पैशाने होणार असं धरा. गाडी घेण्याआधी लिफ्टवर चढवून तपासून घ्या, त्याला काही हजार जातील, ते द्या. विकणारा तपासायला नको म्हणत असेल तर उत्तर मिळालंच. आणि पहिल्या वर्षाची सगळी देखभाल वेगळ्या खात्यात आधीच टाका. तेवढे पैसे उरत नसतील, तर ती गाडी तुमच्या बजेटमध्ये नाही, किंमत कितीही कमी असो.

हाच रकाना जुनी जेट स्की, जुना जेसीबी, जुनी डीजे सिस्टीम, जुना आइस्क्रीमचा डीप फ्रीजर घेतानाही आखा. पार्ट नव्या भावाचे, काम तारखेवर, आणि हवा खारी. हे तिन्ही सगळीकडे लागू आहे.

कोटेशन आली की वहीत मांडा, घरात वडिलांसमोर, आईसमोर मोठ्याने वाचून दाखवा, आणि मगच ठरवा. पैसे त्यांचेही आहेत.

भेटू पुढच्या लेखात. काळजी घ्या, हिशोब ठेवा.